वारा बघून उभ्या राहा

मी त्याच्या दुकानात पहिल्यांदा शिरले ती भांडायला. त्याची रिकामी खोकी आमच्या दाराशी अशी रचलेली होती, की गिऱ्हाइकाला आत यायचं तर आडवं व्हावं लागे. आत्या म्हणाली, जाऊ दे, नवा शेजार आहे. मी म्हटलं, नवा आहे तोवरच सांगितलेलं बरं. आणि हातातल्या लिलीच्या भाऱ्यासकट – तो खाली ठेवायचंही भान राहिलं नाही – मी शेजारच्या वाइनच्या दुकानाचं काचेचं दार ढकललं.

आत एका लांब टेबलाभोवती बरीच मंडळी बसली होती आणि सगळ्यांची नाकं ग्लासात होती. कुणी बोलत नव्हतं. मी तोंड उघडायच्या आत एकेक नाक वर आलं. एका गृहस्थांनी ग्लास खाली ठेवून दिला. एका बाईंनी रुमाल नाकाला लावला. टेबलाच्या टोकाशी कागदात गुंडाळलेली बाटली घेऊन एक उंच माणूस उभा होता. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग लिलीकडे, मग परत माझ्याकडे.

"बाहेर," तो म्हणाला. मग आपण काय बोललो ते बहुधा त्याचं त्यालाच ऐकू आलं. "म्हणजे... प्लीज. बाहेर."

दारावर पाटी होती, ती मला बाहेर आल्यावर दिसली. 'अत्तर, सेंट, सुगंधी तेल लावून आत येऊ नये.' मी यांतलं काहीच लावलं नव्हतं. मी फुलवाली आहे, एवढाच माझा गुन्हा. माझ्या आत्याचं फुलांचं दुकान, त्यात मी कळती झाल्यापासून उभी. हाताला वास, केसांना वास, रुमालाला वास. गंमत म्हणजे आम्हा दोघींना तो कळतही नाही. दिवसभर त्यातच असल्यावर नाक त्याची दखल घेणं सोडून देतं.

खोकी मात्र दुसऱ्या दिवशी हललेली होती. आणि त्यांच्या जागी तो स्वतः उभा होता, हातात एक ग्लास घेऊन.

त्याने माफी मागितली. नीट मागितली, आढेवेढे न घेता. म्हणाला, वाइन चाखणं म्हणजे निम्मं नाकाचं काम, आणि लिलीसमोर कुठल्याच वाइनचं काही चालत नाही. काल सगळ्यांची संध्याकाळ वाया गेली, पण तुमचा दोष नव्हता, पाटीवर फुलांचं लिहायला हवं होतं. आता चाखून तर बघा. मी म्हटलं, चाखते, पण आत कशी येणार, मला तर प्रवेश नाही. त्यावर तो विचारात पडला. मग त्याने बोट ओलं करून हवेत धरलं, वारा कुठून येतोय ते पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, "तुम्ही वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभ्या राहा. मी वरच्या. मग दोघांचंही भागेल."

आत्याने आतून ऐकलं. त्या दिवसापासून तिने त्याचं नाव नाकोबा ठेवलं.

मग तो रिवाजच पडून गेला. संध्याकाळची गर्दी ओसरली की नाकोबा त्या दिवशी उघडलेल्या बाटलीतली उरलेली वाइन आणि दोन ग्लास घेऊन फुटपाथवर यायचा, बोट ओलं करायचा, मला कुठे उभं राहायचं ते दाखवायचा. त्यामुळे आम्ही कधी त्याच्या दाराकडे असायचो, कधी आमच्या, आणि एकदा वारा फारच फिरला तेव्हा पार पत्रपेटीपर्यंत गेलो. त्याचं सगळ्यात लाडकं प्रकरण म्हणजे बोर्डो. फ्रान्समधली जुनी तांबडी वाइन, एका द्राक्षाची नव्हे, दोन-तीन द्राक्षांच्या मिलाफाची. त्यात मुख्य दोघं – कॅबर्ने आणि मर्लो. कॅबर्ने ताठ कण्याचं, तोंडाला आवळून धरणारं, पेन्सिल तासल्यासारख्या वासाचं. मर्लो मऊ, आलुबुखारासारखं गोलसर, रागावलेल्याची समजूत काढणारं.

"म्हणजे आमची आत्या आणि आमचे काका," मी म्हटलं. काका आता नाहीत, पण होते तेव्हा आत्याने दुखावलेलं प्रत्येक गिऱ्हाईक तेच परत आणायचे.

तो इतका हसला, की त्याच्या ग्लासातली वाइन मनगटावर सांडली. मी विचारलं, मग एकच चांगलं द्राक्ष का नाही घेत? कशाला दोघांची खटपट? त्यावर तो म्हणाला, तिकडची हवा लहरी. मर्लो लवकर पिकतं, कॅबर्ने उशिरा. एखाद्या वर्षी पाऊस एकाला बुडवतो, मग दुसरं सावरून घेतं. "एकट्याने दरवर्षी चांगलं राहायचं म्हणजे फार अवघड," असं म्हणून तो ग्लासात बघत राहिला. मी त्याच्याकडे बघत होते. आणि मला वाटलं, याचं दुकान इथेच राहो, खोकी वाटेल तिथे रचो...

माझं पुढचं सगळं दुखणं इथूनच सुरू झालं.

कारण मग हॉटेलवाली आली.

तिच्या वडिलांचं मोठं हॉटेल होतं, दूरच्या डोंगरावर, रात्रभराच्या प्रवासावर. ती इथे काही महिन्यांसाठी वाइनचं शिकायला म्हणून आलेली. उंच, सावळी, आवाज मऊ, आणि अंगाला कसलाही – अगदी कसलाही – वास नाही. धुतलेल्या काचेसारखी. तिने माझं काय घोडं मारलं होतं? काहीच नाही. रस्त्यात दिसली की नमस्कार करायची. नमस्कारसुद्धा चांगला करायची, मला तेही सहन होत नव्हतं.

गुरुवारी चाखण्याचा वर्ग असायचा तेव्हा ती टेबलाच्या टोकाशी, त्याच्या डाव्या हाताला बसू लागली. हे मला कसं माहीत? कारण गुरुवारी आमच्या दुकानाची बाहेरची काच पुसायला निघू लागली, आणि तिरपं उभं राहिलं की त्यांचं टेबल दिसतं. दोघं एकाच वेळी ग्लासात नाक घालत, एकाच वेळी वर काढत आणि एकदम काहीतरी म्हणत. मग एकमेकांकडे बघून हसत. पुढे त्यानेच मला कौतुकाने सांगितलं, की तिला न सांगता देवदाराच्या लाकडाचा वास सापडला. काय नाक आहे तिचं, म्हणाला. मी म्हटलं, हो, चेहऱ्याच्या अगदी मधोमध आहे. त्याला ते कळलंच नाही.

"ती काच आता झिजेल," आत्या म्हणाली. "आणि कुठेतरी काहीतरी जळतंय वाटतं. मला फुलांचा वास येत नाही, पण हा येतोय."

मी काही कच्ची नव्हते. एका गुरुवारी मी दुकान आत्यावर सोपवलं, साध्या साबणाने हात कोपरापर्यंत घासले, केस दोनदा धुतले, कपाटात फुलांपासून लांब ठेवलेले कपडे घातले आणि शेजारचं दार ढकललं. तो उठून दारापाशी आला. माझ्याजवळ आला, इतका जवळ कधीच आला नव्हता, आणि माझ्या कानाच्या वर किंचित वाकला. माझा श्वास... असो. माझ्या श्वासाचं काय झालं ते सोडा.

"केसांत आहे अजून," तो हळूच म्हणाला. "लिली."

मागे टेबलावर कुणीतरी हसलं. ती हसली नसेलही. पण मला तिचंच हसू ऐकू आलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "केस काढून ठेवू का?" आणि परत फिरले.

खरा घाव पुढच्या आठवड्यात बसला. संध्याकाळी तो नेहमीसारखा फुटपाथवर आला, पण सोबत तीही होती. ग्लास तीन. तो बोलत होता, ती हसत होती, आणि त्याने बोट ओलं केलंच नाही. वारा सरळ आमच्या दुकानावरून त्याच्या तोंडावर येत होता. मग एकदम त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने मला म्हटलं, "तुम्ही जरा तिकडे..." मी तिकडे गेले. ती त्याच्या शेजारीच राहिली. तिला कुठेही उभं राहिलं तरी चालत होतं.

मी ग्लास न संपवता आत गेले. गिऱ्हाईक आलंय, असं सांगून. गिऱ्हाईक नव्हतं.

त्यानंतर तो दोनतीनदा आला. दर वेळी मी कामात होते. फुलवालीला काम काढायचं तर काय, गुलाबांचे काटे कधी संपत नाहीत.

आणि मग एके सकाळी हॉटेलवाली स्वतःच आमच्या दुकानात आली. आनंदाने फुललेली होती. म्हणाली, आज संध्याकाळी बाबा येताहेत. त्यांना हॉटेलसाठी वाइनचा जाणकार हवाय आणि मी तुमच्या शेजाऱ्यांचं नाव सुचवलंय. बाबा काही ग्लास ओतणार, सगळे बोर्डो, बाटल्या झाकलेल्या. प्रत्येकात कॅबर्नेचं पारडं जड की मर्लोचं, एवढं ओळखायचं. ओळखलं की नोकरी पक्की, राहायला घर, महिनाअखेर निघायचं. "ते ओळखतीलच," ती म्हणाली, आणि ते 'ते' असं म्हणाली की माझ्या पोटात दुखलं. मग तिने ऑर्डर दिली. बाबांच्या स्वागताला टेबलाच्या मधोमध मोठा गुच्छ. लिलीचा. जितका वास जास्त तितका चांगला, बाबांना लिली फार आवडते.

मी कात्री खाली ठेवली. विचारलं, तिथे, टेबलावर? चाखायच्या वेळी?

"हो. आमच्याकडे प्रत्येक टेबलावर फुलं असतातच," ती म्हणाली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. अत्तराची पाटी तिने वाचली होती, पण पाटीवर फुलांचं अजूनही लिहिलेलं नव्हतं. आणि हॉटेलात वाढलेल्या मुलीला फुलं म्हणजे टेबलाचाच भाग, मिठाच्या भांड्यासारखी.

ती गेली. मी लिलीच्या बादलीसमोर उभी राहिले. आंधळा मागतो एक डोळा... मला काही करायचंच नव्हतं. ऑर्डर होती, ऑर्डर पुरी करायची. मला 'बाहेर' म्हणणं त्याला सोपं गेलं. नोकरी देणाऱ्या माणसाच्या फुलांना तो काय म्हणणार? तोंड मिटून बसेल, लिलीत नाक बुडेल, कॅबर्नेला मर्लो म्हणेल, आणि बाबा हात मिळवून आपल्या डोंगरावर परत जातील. मुलीला घेऊन. नाकोबा इथेच राहील. आणि दोष? तो तर तिचाच. तिनेच आपल्या हाताने त्याच्या पायावर धोंडा मारलेला असेल.

आत्याला मी सगळं सांगितलं. ती पानं खुडत राहिली. मग म्हणाली, "ऑर्डर म्हणजे ऑर्डर. पण गुच्छावर हात तुझा असणार आहे."

मी दुपारभर चिडचिड करत होते. त्याच्यावर, तिच्यावर, डोंगरावर. मला आठवत होतं ते त्याचं वाइन सांडलेलं मनगट, आणि ग्लासात बघताना त्याचं ते शांत होणं. त्या माणसाकडे नाकाशिवाय दुसरं काय होतं? तेच मी त्याच्याकडून काढून घ्यायचं, तो माझ्या शेजारी राहावा म्हणून? आणि मग रोज संध्याकाळी त्याच्याकडे बघायचं कुठल्या तोंडाने?

मी हायड्रेंजिया घेतला. पांढरा जर्बेरा घेतला, थोडी हिरवी पानं. सगळी देखणी आणि बिनवासाची. असा गुच्छ मी आजवर कुणाच्या लग्नालाही बांधला नव्हता.

संध्याकाळी हॉटेलवाली न्यायला आली आणि बघतच राहिली. "मी लिली म्हटलं होतं."

"आज लिली आली नाही," मी म्हटलं.

माझ्या मागे लिलीची भरलेली बादली होती. तिने बादलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ती दुसऱ्या कुणाची आहे. माझा चेहरा खोटं बोलायला कधीच उपयोगी पडला नाही. ती गुच्छ घेऊन गेली, आणि जाताना पहिल्यांदाच तिने नमस्कार केला नाही. मला तेवढंच जरा बरं वाटलं.

मग मी वारा पाहिला. बोट ओलं करून, त्याच्यासारखं. वारा त्यांच्या दाराकडे होता. म्हणून दुकानाबाहेर मांडलेल्या सगळ्या बादल्या उचलून मागच्या अंगणात नेल्या, दारं लावली, शटर अर्ध्यावर ओढलं आणि स्टुलावर बसून राहिले. सवत जिंकावी म्हणून इतकी मेहनत करणारी बाई जगात दुसरी नसेल. आणि सवत तरी कसली, माझं त्याच्याशी नातं ते काय? फुटपाथवरचं, वाऱ्यावरचं.

शेजारून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. टाळ्या आल्या. मग मोटारीची दारं लागली. मी आत्याला म्हटलं, बादल्या परत आत आणू या, फुलं कोमेजतील. आत्याने बादल्या आणल्या आणि मागच्या खोलीत गेली.

शटरखालून आधी दोन ग्लास आत आले, मग बाटली, मग तो. वाकून. आमच्या दुकानात तो कधीच आला नव्हता.

मी म्हटलं, अभिनंदन. म्हटलं तसं कोरडंच. त्याने विचारलं, कसं कळलं? मी म्हटलं, टाळ्या ऐकल्या, मी काही बहिरी नाही. तो म्हणाला, सगळे बरोबर आले. मला वाटलं, आता तो ओलं बोट वर करणार. त्याने केलं नाही. लिलीच्या बादलीला अगदी लागून उभा राहिला आणि दोन्ही ग्लासांत वाइन ओतली.

"इथे कशाला?" मी म्हटलं. "इथे तुम्हाला काही कळणार नाही. बाहेर चला, वारा बघू."

"तिने सांगितलं मला. लिली मागितली होती आणि तुम्ही दिली नाही म्हणून. रागावून सांगितलं. बादली भरलेली होती म्हणाली." त्याने ग्लास माझ्या हातात दिला. "मी टेबलावरच्या त्या फुलांकडे बघत होतो. कॅबर्ने कुठलं ते बघायच्या आधी. तुम्हाला माझा राग आलाय ना? मग असं का केलंत?"

मी ग्लास नाकाशी नेला. उगाच, तोंड लपवायला. आणि मला वास आला. लख्ख आला. लिली तर मला कळतच नव्हती, ती कधी कळणार होती, माझ्यासाठी दुकानात होती ती फक्त वाइन.

तो स्वतःच्या ग्लासात नाक घालून हताश झाला होता. "काही नाही. नुसती लिली."

"पेन्सिल आहे," मी म्हटलं. "नुकती तासलेली. मग जरा वेळाने आलुबुखार... आणि खाली कुठेतरी ओलं लाकूड. देवदार म्हणता ते हेच ना?"

तो माझ्याकडे बघायला लागला. फुटपाथवर इतके दिवस बघत होता, पण तेव्हा मध्ये वारा असायचा. "परत सांग," तो म्हणाला. आमच्या दोघांच्याही लक्षात आलं, की तो 'सांगा' म्हणाला नाही.

मी परत सांगितलं. मग मीच विचारलं, की कधी निघायचंय.

"अजून उत्तर दिलं नाही. आधी शेजारी विचारीन म्हटलं."

"मला ती अजिबात आवडत नाही," मी म्हटलं.

"हे काही उत्तर झालं नाही."

"हेच उत्तर आहे. ती तुझ्या डाव्या हाताला बसते ते मला आवडत नाही. तिला देवदार सापडतं ते आवडत नाही. ती कुठेही उभी राहिली तरी चालते ते तर अजिबातच आवडत नाही. तू तिकडे गेलास तर मी रोज इथे बसून जळेन, आणि आत्या मला टोमणे मारून मारेल."

तो हसला नाही. त्याने ग्लास टेबलावर ठेवला आणि म्हणाला, त्याचंही एक दुखणं आहे. दर सोमवारी टाय लावून एक गृहस्थ येतात, एकच गुलाब घेतात, आणि मी त्यांच्याशी केवढी हसते. त्यांना वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहावं लागत नाही. सरळ गल्ल्यापाशी येतात. तो म्हणे दर सोमवारी बाटल्यांची धूळ पुसायला खिडकीपाशी असतो.

मी इतकी हसले, की आत्या आतून खोकली. टायवाले गृहस्थ गुलाब नेतात तो सासूबाईंसाठी. सोमवारी त्या मुक्कामाला येतात, आणि गुलाब नसला तर आठवडाभर जावयाशी बोलत नाहीत.

"सासूबाईंसाठी," तो म्हणाला, आणि त्याचे खांदे एकदम खाली आले. किती दिवस वर धरले होते कोण जाणे. मग त्याने खिशातून फोन काढला. म्हणाला, उद्या सकाळी नाही म्हणून कळवतो.

"आत्ता," मी म्हटलं.

त्याने आत्ता लावला. आभार मानले, नम्रपणे नाही म्हटलं, कारण विचारल्यावर म्हणाला, की तुमच्याकडे प्रत्येक टेबलावर फुलं असतात, तिथे माझ्या नाकाचं काही चालणार नाही. फोन ठेवल्यावर मी विचारलं, कोण होतं, बाबा की मुलगी? बाबा, तो म्हणाला. मी विचारलं, नक्की? नक्की, तो म्हणाला.

"पण हे कारण बरोबर नाही," मी म्हटलं. "इथे तर सगळीकडेच फुलं आहेत."

"हो ना." तो स्टूल ओढून माझ्या शेजारी बसला, वाऱ्याच्या ना खालच्या बाजूला ना वरच्या. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला. "नाक लिलीत घालवायचंच असेल, तर तुझ्या लिलीत घालवीन."

आणि नाकोबाने, ज्याने आयुष्यात एकही घोट वास घेतल्याशिवाय घेतला नव्हता, तो ग्लास उचलला, मला विचारलं, "आता कशाचा वास येतोय, सांग," आणि मी सांगत गेले तसा एकेक घोट घेत संपवला.